गिरडचं जायफळ

आईच्या देवघरात अन्नपूर्णा आणि रांगत्या बाळकृष्णाच्या मधे एक दगड ठेवलेला आहे. जायफळाएवढा, मातकट, अंगावर सुरकुत्या. सकाळी देव धुताना आई त्यालाही धुते, पुसते, फूल वाहते. गंध मात्र लावत नाही. लहानपणी मी कारण विचारलं तर म्हणाली, "तो त्यांच्यातला आहे. त्याले गंध कायले लावाचा?" फूल चालतं आणि गंध चालत नाही, हा नियम तिचा तिनंच केलेला. चाळीस वर्षांत तो एकदाही मोडला नाही.

दगड गिरडच्या टेकडीवरचा. वर्धा जिल्ह्यात, समुद्रपूर तालुक्यात गिरड आहे. आमच्या गावाहून लाल डब्यानं गेलं की तासाभराची वाट. टेकडीवर ख्वाजा शेख फरीदबाबांचा दर्गा. आपल्याकडचा खडक काळा, बेसॉल्टचा. त्याच्या पोकळ्यांमध्ये झिओलाइट नावाचं खनिज साचून गोळे तयार होतात, कुठं सुपारीएवढे तर कुठं जायफळाएवढे. वर्गात भूगोल शिकवताना मी हेच सांगते. पण मला हा दगड पहिल्यांदा समजावून दिला तो पिंजारीन चाचीनं, आणि तिची गोष्ट निराळी होती. इंग्रजांच्या काळात इथल्या माहितीची पुस्तकं लिहिणाऱ्यांनीही ती नोंदवून ठेवली आहे. व्यापारी बंजारे खोबरं, खारका, जायफळं लादून टेकडीजवळून चालले होते. त्यांनी बाबांची टिंगल केली. बाबांनी त्यांचा सगळा माल दगड करून टाकला. मग ते रडत पायावर पडले, तेव्हा बाबांनी वाळला पाला घेतला आणि त्या पाल्याचा नवा माल करून दिला. बंजारे पुढं गेलेच नाहीत, तिथंच सेवेत राहिले.

ही गोष्ट सांगताना चाची दगडाच्या जागेवरून भरकन पुढं जायची आणि पाल्याच्या जागेवर थांबायची. "पाल्याचा माल केला, पोट्टे. पाल्याचा." आणि दोन्ही हातांची ओंजळ करून माझ्यापुढं धरायची.

चाचीचं घर आमच्या घराला लागून, मधली भिंत एकच. चाचा पिंजारी. कापूस पिकवणाऱ्या या मुलखात गादी-रजईचं काम पिढ्यान् पिढ्या त्यांच्याच लोकांकडे. हिवाळा लागला की भिंतीपलीकडून पिंजणाच्या तातीचा आवाज सुरू व्हायचा, धुन्-धुन्, धुन्-धुन्, आणि दुपारी तो थांबला की आई म्हणायची, "जेवाले बसले वाटते." चाचा कापूस पिंजायचा आणि चाची गाद्यांना टाके घालायची. तिच्या पापण्यांवर, ओठांवरच्या लवीवर सदा कापसाचा भुरका बसलेला असे. आम्ही तिला "म्हातारी झाली" म्हणून चिडवायचो, तेव्हा ती तिशीतलीच होती.

१९८३ साली माझ्या लहान भावाला टायफॉइड झाला. ताप उतरेना, पोरगं वाळून काडी झालं. सेवाग्रामच्या दवाखान्यात आई एकवीस दिवस त्याच्या उशाशी होती. तिकडं गोळ्या-सलाईन चालू होतं आणि इकडं चाचीनं आमच्याकडं कुणाला न विचारता गिरडला चादर बोलून टाकली. पोरगा बरा होऊन घरी आला तेव्हा आम्ही तिघी चादर घेऊन गेलो. टेकडी चढताना आईला दम लागला, चाचीनं तिचा हात धरला. वर लोबानाचा वास. दर्ग्याच्या सेवेकऱ्यानं, मुजावरानं, मोरपिसांचं मोरचेल डोक्यावरून फिरवलं, आमची जात विचारली नाही, गाव तेवढं विचारलं. उतरताना चाचीनं हा दगड उचलून आईच्या पदरात टाकला. "ठेव. बाबाची खूण." आईनं तो देवघरात ठेवला, कारण मोलाची वस्तू ठेवायला आमच्या घरात तेवढीच जागा होती.

हे सगळं सांगितलं की आमच्या शिक्षकांच्या खोलीत माना डोलतात. "पाहा, असा पाहिजे इस्लाम. सुफी म्हणजे चांगले." बरीच वर्षं मीही हेच बोलत होते. सुफी म्हणजे प्रेम, कव्वाली, सगळ्यांचं. आणि कट्टर म्हणजे वाळवंटातून आलेलं काहीतरी परकं, कोरडं. एक चांगला मुसलमान आणि एक वाईट मुसलमान, अशी दोन नावं पाडून ठेवली की आपल्याला पुढचा विचार करावा लागत नाही. मला तो करावा लागला तो चाचीच्या मधल्या पोरामुळं.

चाचीला तीन लेकरं. थोरला, मधला आणि सगळ्यात लहान पोरगी, तिला सगळं गाव धाकटीच म्हणायचं. धाकटीला आठव्या वर्षापासून फेफरं यायचं. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी गार्डिनलच्या गोळ्या सुरू केल्या, रोज झोपताना एक. स्वस्तातली गोळी, पण तिनं झटके जवळजवळ थांबले होते. ती सातवी पास झाली, चाचीच्या बरोबरीनं टाके घालायला लागली. मग कुणा नातेवाइकानं सांगितलं की पोरीवर बाहेरचं आहे, आणि तिला लांबच्या एका दर्ग्यात नेलं. ते गिरड नव्हे. त्या जागेचं नाव मी लिहीत नाही. तिथं गुरुवारी हाजरी भरायची. केस सोडलेल्या बाया घुमायच्या, जाळीवर डोकं आपटायच्या, आणि ज्यांना घरचे सोडून जायचे त्यांच्या पायात साखळी असायची. मुजावर म्हणाला, इंग्रजी औषध बंद करा, नाहीतर बाबा नाराज होतील. चाचीनं गोळ्या बंद केल्या.

मधला तेव्हा एकोणीस वर्षांचा. धाकटीला सोबत म्हणून तोच तिच्याजवळ राहिला, चार महिने. घरी आणली तेव्हा तिच्या डाव्या घोट्याभोवती काळपट वळ होता, बांगडीसारखा गोल. मधला ओट्यावर बसून त्या वळाला खोबरेल तेल चोळायचा. मी माहेरी आले होते, मी ते पाहिलं आहे. तो चोळत होता आणि ती खिदळत होती, गुदगुल्या होतात म्हणून.

२००० च्या पोळ्याच्या आदल्या दिवशी नाल्यावर कपडे धुताना तिला झटका आला. गुडघाभर पाणी होतं. सतरा वर्षांची होती.

पुढच्या वर्षी, ६ ऑगस्ट २००१ ला, तमिळनाडूत एरवाडीच्या दर्ग्याजवळच्या एका आश्रयगृहाला पहाटे आग लागली. वेड बरं होईल या आशेनं आणून ठेवलेली माणसं साखळीनं बांधलेली होती, त्यांना पळता आलं नाही. २८ जण जळून मेले. त्या बातमीचं कात्रण मधल्यानं घडी करून पाकिटात ठेवलं. आमच्या ओट्यावर मला दाखवताना तो काही बोलला नाही. बोट फक्त एका शब्दावर ठेवलं: साखळी.

तो दर्ग्यापासून तुटला तो असा, हे लक्षात ठेवूनच मला पुढचं सारं लिहायचं आहे. सौदीचा पैसा, तिकडचे मौलवी, मोबाइलवरची भाषणं, ही कारणं खोटी नाहीत. १९७० च्या दशकात तेलाचे भाव चढल्यापासून आखातातला पैसा आणि आखातातला धर्म दोन्ही जगभर पसरले. पण आमच्या भिंतीपलीकडं ते बी पडण्याआधी जमीन नांगरलेली होती, आणि ती एका पोरीच्या घोट्यावरच्या वळानं नांगरली होती.

त्या हिवाळ्यात गावच्या मशिदीत तबलीगची जमात उतरली, म्हणजे गावोगाव फिरून मुसलमानांना धर्माची शिकवण देणारा जथा. वळकट्या, स्टो, डेगची घेऊन आलेली साधी माणसं. कुणी उमरेडचा भाजीवाला, कुणी नागपूरचा शिंपी. ती मधल्याच्या घरी आली, त्याच्यासोबत एका ताटात जेवली. हे वाचणाऱ्याला किरकोळ वाटेल. पण आपल्या गावांत मुसलमानांतही जात आहे, आणि पिंजारी खालचा आहे. सय्यद घराण्यातल्या माणसानं पिंजाऱ्याच्या ताटात हात घालणं ही रोजची गोष्ट नव्हे. ज्या दर्ग्यात धाकटी बांधलेली होती तिथं गादी वंशपरंपरेची, हात चुंबायचे, नजराणा ठेवायचा. इथं कुणीतरी त्याला म्हणालं की तुझ्या आणि अल्लाहच्या मधे कुणी नाही. मुजावर नाही, पीर नाही, सय्यद नाही. ओळीत खांद्याला खांदा लावून उभा राहा. मराठी माणसाला हे वाक्य परकं वाटायला नको. बडव्यांना ओलांडून थेट विठोबाशी बोलणारे आपल्याकडं सातशे वर्षं होऊन गेले आहेत.

तो चाळीस दिवसांसाठी जमातीबरोबर गेला. त्याला ते चिल्ला म्हणतात. मी पुढं या विषयावर वाचायला लागले तेव्हा या शब्दापाशी अडखळले, कारण चिल्ला हा सुफींचा शब्द आहे. जगापासून दूर होऊन चाळीस दिवस एकांतात साधना करायची, तो चिल्ला. फरीदबाबांनी चिल्ला केल्याच्या जागा देशभर दाखवतात, गिरडलाही त्यांच्या तपाच्या गोष्टी सांगतात. दर्ग्यापासून लांब नेणाऱ्या वाटेनं आपल्या मुक्कामाचं नावच दर्ग्याकडून घेतलेलं.

एकदा हे दिसलं की मग जागोजागी दिसायला लागतं. तबलीग सुरू करणारे मौलाना मुहम्मद इलियास यांनी १९२६ च्या सुमारास मेवातात काम मांडलं, ते स्वतः चिश्ती-साबिरी या सुफी परंपरेत दीक्षित. उत्तर प्रदेशातला देवबंदचा मदरसा १८६६ चा. तो उभारणारे मौलाना कासिम नानौतवी आणि त्यांचे सोबती रशीद अहमद गंगोही हे दोघंही हाजी इमदादुल्लाह या सुफी पीराचे मुरीद, म्हणजे शिष्य. कबरीवरचे नवस, उरुसातला बाजार यांच्यावर देवबंदच्या पंडितांनी टीका केली, ती पीर-मुरीदीच्या आत राहून. आणखी मागं जाऊ. गावोगाव ज्यांची ग्यारवी, म्हणजे महिन्याच्या अकराव्या दिवसाची फातिहा, होते, ज्यांच्या नावानं चाची दर महिन्याला खीर करायची, ते बगदादचे अब्दुल कादिर जिलानी हनबली पंथाचे आलिम, धर्मपंडित, होते, म्हणजे सुन्नी धर्मशास्त्राच्या चार पंथांतल्या सगळ्यात काटेकोर समजल्या जाणाऱ्या पंथाचे. कबरींच्या यात्रांवर कोरडे ओढणारे इब्न तैमिया, मृत्यू १३२८, तेही हनबली, आणि त्यांनी जिलानींच्या ग्रंथातल्या काही प्रवचनांवर आदरानं भाष्य लिहिलेलं आहे. आणि औरंगजेब, ज्याच्या राज्यात दिल्लीत सरमद या नागव्या फकिराचं डोकं उडवलं गेलं, तो स्वतः निजला आहे खुलताबादला, झैनुद्दीन शिराझी या चिश्ती संताच्या दर्ग्याच्या आवारात, स्वतःच्या इच्छेनं.

म्हणजे ही दोन घरं नाहीत. एका घरात वाढलेली भावंडं आहेत आणि भांडण वाटणीचं आहे. सुफींनाही हे भांडण आपल्यातलंच वाटत आलं. शुद्धीवर राहावं की धुंद व्हावं, हा वाद त्यांनी हजार वर्षांपूर्वी बगदादेत घातला. जुनैद म्हणत, भानावर राहा. ९२२ साली सुळावर गेलेला हल्लाज भानावर राहिला नाही. जुनैदला आजही सुफी आपला सरदार मानतात आणि हल्लाजलाही विसरत नाहीत.

मग वाट कुठं फुटते? अरबस्तानातल्या नजदमधल्या मुहम्मद इब्न अब्दुल वह्हाब यांनी १७४४ साली सौद घराण्याशी हात मिळवले, तिथं मला ती फुटलेली दिसते. कबरीपाशी मागणं चूक आहे, हे त्यांच्याआधी अनेकांनी म्हटलं होतं. यांनी पुढचं पाऊल टाकलं. जो मागतो तो मुसलमानच उरत नाही, आणि मग त्याच्यावर तलवार उगारता येते. याला तकफीर म्हणतात, म्हणजे दुसऱ्याला धर्माबाहेर काढणं. मदिनेतल्या जन्नतुल बकीत प्रेषितांच्या घरातली माणसं पुरलेली आहेत. त्या कबरींवरचे घुमट १८०६ मध्ये एकदा आणि १९२५-२६ च्या सुमारास पुन्हा पाडले गेले. त्याच सुमारास इकडं नागपुरात, १७ ऑगस्ट १९२५ ला, ताजुद्दीनबाबा गेले. कामठीला १८६१ साली जन्मलेला, सैन्यातली नोकरी सोडलेला, १८९२ पासून १९०८ पर्यंत नागपूरच्या पागलखान्यात ठेवलेला हा माणूस. रघुजीराजे भोसल्यांनी त्यांना तिथून सोडवून शक्करदऱ्याला आपल्या वाड्यात आणलं. ताजबागला त्यांची कबर बांधली जात होती तेव्हा मदिनेत कबरी सपाट होत होत्या. ताजबागला आईही गेली आहे, चाचीही, आणि निम्मा विदर्भ गेला आहे.

पण बाहेर काढण्याचा हा रोग एकाच भावंडाला होतो असं समजणं चूक आहे, आणि माझा सगळ्यात मोठा गैरसमज इथंच होता. ४ जानेवारी २०११ ला इस्लामाबादमध्ये पाकिस्तानी पंजाबचे राज्यपाल सलमान तासीर यांना त्यांच्याच अंगरक्षकानं गोळ्या घातल्या. तो मुमताज कादरी. आडनावातच कादरी सिलसिला, जिलानींच्या नावानं चालत आलेली सुफी परंपरा. तो दर्गे पाडणाऱ्यांतला नव्हता, दर्गे मानणाऱ्या बरेलवींतला होता. त्याला फाशी झाल्यावर त्याच्याच कबरीचा दर्गा झाला. तिथं फुलं आहेत आणि लोबानही असेल. ज्यानं माणूस मारला त्याच्यापाशी माणसं दुवा मागतात. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. चादर आणि मोरचेल असलं की तिथं माया असतेच, हे मी चाचीकडं पाहून ठरवलं होतं. माया चाचीची होती.

मधला २००६ ला सौदीला गेला, ट्रक चालवायला. २०१४ ला परत आला तेव्हा दाढी वाढलेली, पायजमा घोट्याच्या वर, बोलणं हळू आणि नेमकं. घर पक्कं बांधलं, थोरल्याचं कर्ज फेडलं. दारू पिणाऱ्या तीन पोरांना मशिदीत नेऊन सुधारलं. त्यातल्या एकाची बायको माझी विद्यार्थिनी, ती आजही त्याला दुवा देते. पण घरातली ग्यारवीची खीर बंद झाली. दर्ग्याच्या संदलाची मिरवणूक निघाली की तो दार लावून घ्यायचा. चाची गिरडला जायची ती थोरल्याला सांगून, मधल्याच्या चोरून.

एका दुपारी तिच्या ओट्यावर मी भाजी निवडत बसले होते. चाची उशी शिवत होती. गिरडचा मलिदा कागदात बांधून तिनं कोनाड्यात ठेवलेला, तो मधल्याला दिसला. तो ओरडला नाही. समोर उकिडवा बसला आणि म्हणाला, "अम्मी, हे शिर्क आहे. अल्लाह सारं माफ करते, शिर्क माफ करत नाही. तुले समजत काहून नाही? मले तू जन्नतमध्ये पाहिजे."

शिर्क म्हणजे अल्लाहच्या जोडीला दुसऱ्या कुणाला बसवणं. चाचीची सुई उशीत तशीच राहिली. बऱ्याच वेळानं तिनं विचारलं, "धाकटी?"

त्याला काय विचारलं आहे ते समजायला क्षण लागला. धाकटीही दर्ग्यात होती, चार महिने. ती माफ झाली की नाही?

"ती नादान होती अम्मी. तिच्यावर काही नाही." त्याचा आवाज फुटला.

"मंग मीच व्हय," चाची म्हणाली आणि टाके घालायला लागली.

त्या दिवसापासून मला त्या घरातला वाद निराळा दिसायला लागला. दोघंही एकाच पोरीसाठी रडत होते. पोरगा रडत होता ते साखळी तोडून, पुन्हा कुणाच्या बहिणीला तिथं कुणी नेऊ नये म्हणून. आणि आई? गोळ्या तिनं स्वतःच्या हातानं बंद केल्या होत्या. ते ओझं घेऊन ती मशिदीत जाऊ शकत नव्हती, बायांना तिथं जागा नव्हती. डॉक्टरकडं तिला तोंड दाखवायचं नव्हतं, नवऱ्यानं तो विषय कधी काढला नाही. टेकडीवर जाळीला कपाळ लावून तासभर रडलं तरी कुणी विचारत नव्हतं की बाई, कशासाठी. पोराचा प्रश्न शंभर टक्के खरा होता. पण त्याच्या नव्या, स्वच्छ, झाडून काढलेल्या धर्मात आईला रडायला टेकायची जागा त्यानं ठेवली नव्हती.

१६ फेब्रुवारी २०१७ ला पाकिस्तानात सेहवानला, लाल शाहबाज कलंदराच्या दर्ग्यात, गुरुवारची धमाल चालू असताना बॉम्ब फुटला. ८० हून जास्त माणसं गेली. त्याच वर्षी २४ नोव्हेंबरला इजिप्तमध्ये, सिनाईतल्या रौदा गावच्या मशिदीत जुम्म्याच्या नमाजाला आलेल्या ३०० हून जास्त लोकांना मारलं. तिथं सुफी लोक नमाज पढायचे. सेहवानची बातमी टीव्हीवर पाहून चाची भिंतीवरून आईला म्हणाली, "तिथं बायाबी असतील. गुरुवार होता." मी मधल्याला गाठलं आणि सरळ विचारलं, हे तुझंच म्हणणं पुढं नेलेलं आहे ना? तो पांढरा पडला. म्हणाला, "ताई, मी माह्या मायले चुकली म्हणतो, मायले मारत नाही. जे मारते ते जनावर होय." त्याचा शब्द मी खरा मानते. तरीही त्याला म्हणाले की तू तिला माफी नाही म्हणालास, तेव्हा तू तिला उंबऱ्यापर्यंत आणून सोडलंस. बाहेर ढकलणारे दुसरे असतात, पण उंबऱ्यापर्यंत आणायला घरचेच लागतात. त्यानं उत्तर दिलं नाही. आमचं बोलणं महिनाभर बंद होतं.

आणि मी कोणत्या तोंडानं त्याला विचारत होते? त्याच काळात आमच्याकडच्या पोरांनी माझ्या भावाला, त्याच टायफॉइडमधून उठलेल्या भावाला, सुनावलं होतं की संदलाची शिरणी खायची नाही, गिरडला जायचं नाही, ते त्यांचं आहे. भाऊ घाबरून जायचा थांबला. आई थांबली नाही. पण मग टेकडीवर चाचीसोबत चढणारी ती एकटीच उरली. दोन्हीकडून झाडू फिरत होता आणि मधे दोन म्हाताऱ्या.

झाडू म्हटलं की आमच्या मुलखात एकच माणूस आठवतो. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे गाडगेबाबा, १८७६ ते १९५६. जत्रेतलं बोकड, नवस, अंगात येणं यांच्यावर त्यांच्याइतकं सडकून कुणी बोललं नसेल. मधल्याचं म्हणणं आणि बाबांचं कीर्तन शेजारी ठेवलं तर निम्मं एकच निघेल. मी हे मधल्याला सांगितलं तेव्हा तो पहिल्यांदा मनापासून हसला. पण बाबा दिवसभर गाव झाडायचे, रात्री कीर्तनात लोकांना खडसवायचे, आणि मिळालेल्या पैशातून पंढरपूर, देहू, आळंदी, नाशिक इथं धर्मशाळा बांधायचे. नवसाला जाऊ नका असं ज्यांना सांगितलं, त्यांनाच पाठ टेकायला छप्पर दिलं. देवळात जाऊन मोकळं होणाऱ्या बाईला घरी पाठवून ते थांबले नाहीत.

हे मी त्याला याच शब्दांत बोलून दाखवलं. तो ऐकत होता. त्याच्या ट्रकच्या टायरात हवा भरत होता, मान खाली.

२०२२ च्या पावसाळ्यात चाची गेली. झोपेतच. मधल्यानं तिसऱ्या दिवसाचा तीजा केला नाही, चाळीसाव्या दिवसाचा चाळीसवा केला नाही. थोरला रुसला, नातेवाईक रुसले. कबर ओली मातीच ठेवली, चादर नाही, चुना नाही, नाव नाही. आईनं भाताचं ताट झाकून ठेवलं होतं ते कुठं न्यायचं हे तिला कळेना. शेवटी चाचीच्या शेळीला घातलं.

दिवाळीच्या सुटीत मी गेले तेव्हा तो मला कब्रस्तानाच्या कुंपणाशी दिसला. दर शुक्रवारी येतो, थोरल्यानं सांगितलं. आत सगळे मातीचे उंचवटे सारखेच, त्यावर तरवड आणि गाजरगवत माजलेलं. एकाच उंचवट्यावर गवताची काडी नव्हती. डोक्याशी शेताच्या धुऱ्यावरचा काळा दगड रोवलेला. मी दगडाकडं पाहिलं तर तो घाईनं म्हणाला, "हे चालते ताई. ओळखू यावं म्हणून रसूलनं बी एका सोबत्याच्या कबरीवर दगड ठेवला होता. कबरीवर जा बी म्हणते हदीस, मौत याद राहते." मग जरा थांबून, "अन् रसूल आपल्या मायच्या कबरीवर गेले तर रडले. आजूबाजूचे बी रडले. सहीह मुस्लिममध्ये आहे हे."

मी ते आईला सांगितलं. आई ऐंशीची आहे, गुडघे गेलेत. म्हणाली, मला ने. मी म्हटलं, तिथं बायांना आत जाऊ देत नाहीत. म्हणाली, आत कोण जाते.

गेलो. येत्या-जात्या दोन वेळा थांबून, काठी टेकत. कुंपणाच्या तारेपाशी आई उभी राहिली, मला म्हणाली, कोणती? मी बोट दाखवलं. तिनं कनवटीतून फूल काढलं, देवघरातलंच, पिवळं झेंडूचं, आणि ते हातातच धरून ठेवलं. तारेतून आत टाकू की नको, हे तिला ठरवता येईना. मधला आत उभा होता. त्यानं फूल पाहिलं. काही न बोलता तो फाटकातून बाहेर आला, रस्ता ओलांडून घराकडं गेला. मला वाटलं, चिडला.

तो परत आला तो निळी प्लास्टिकची खुर्ची डोक्यावर घेऊन. कुंपणाला लागून, जिथून तो काळा दगड दिसतो तिथं, त्यानं ती मांडली. एक पाय डगमगत होता, त्याखाली खापराचा तुकडा सरकवला, दाबून पाहिलं.

"बस मोठीमाय," तो म्हणाला. "जितका वेळ लागते तितका बस."